होडी कोरडी ठेवायची असते
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘निवृत्तीनंतर मी काय करतो’. माझ्या आधी दोघं बोलले. एकाने साखर कशी आटोक्यात आणली ते सांगितलं, दुसऱ्याने म्युच्युअल फंडांचं सांगितलं. दोन्ही विषय आपल्या वयाला उपयोगाचे. माझा विषय तसा कुणाच्याच उपयोगाचा नाही. गेली दोन वर्षं मी एक जुनी शिडाची होडी दुरुस्त करत होतो. त्यातलाही बराच वेळ गेला प्लायवूड चिकटवण्यात आणि त्यात पाणी शिरणार नाही असं ते बंद करण्यात. तेच सांगतो. स्वयंपाकघरात मरीन प्लायच्या ट्रॉल्या असलेली निदान निम्मी मंडळी इथे बसली आहेत, तेव्हा अगदीच परकं वाटायला नको.

होडी ‘एंटरप्राइज’ जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आरेखकाने १९५६ साली हा नमुना तयार केला. लांबी सव्वातेरा फूट, माणसं दोन, शिडं निळी. महायुद्धानंतरच्या काळात तिकडे सामान्य पगारदार माणसाला परवडेल, गॅरेजमध्ये बांधता येईल अशी होडी हवी होती, आणि ती शक्य झाली ती पाण्यात न सुटणाऱ्या प्लायवूडमुळे. पुढे ती जगभर गेली, आपल्याकडेही आली. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या, आठवतंय का? त्यात एंटरप्राइजचं सुवर्णपदक कराचीच्या बायराम आणि गोश्पी आवारी या पारशी दांपत्याने नेलं. फायरबॉल नावाच्या दुसऱ्या जातीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी आपलं सुवर्ण राखलं. आपण तेव्हा कॉलेजात होतो आणि टीव्हीवर हॉकीच बघत होतो.

आमच्या सोसायटीत नौदलातून निवृत्त झालेले एक अधिकारी राहतात. सगळे त्यांना कमांडरसाहेब म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांची ही होडी पानशेत रस्त्यावर एका शेतघराच्या मागे, ताडपत्रीखाली सतरा वर्षं पडून होती. एका हॉटेलवाल्याने ती मागितली होती, बागेत ठेवून आत कुंड्या लावायला. कमांडरसाहेबांनी दिली नाही. मला दिली ती एका अटीवर. म्हणाले, “तरंगली पाहिजे. आणि माझी नात त्यात बसणार आहे, हे लक्षात ठेवून काम करा.” नात तेरा वर्षांची. अट लहान वाटते, पण तिच्यामुळे कामाचा सगळा हिशेबच बदलतो. शोभेची होडी वरून रंगवली की झालं. तरंगायच्या होडीत रंगाच्या आत काय चाललंय ते बघावं लागतं.

मी आयुष्यभर कारखान्यात लोखंडाबरोबर काम केलं. लाकडातलं मला कळत नव्हतं. म्हणून मी फोन केला आपल्या वर्गातल्या एका मित्राला. त्याचं नाव सांगत नाही, तो समोरच बसलाय आणि आता मान खाली घालून हसतोय. खाडीवरची त्यांची होड्यांची शाकारलेली माडी तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मधल्या सुट्टीत आपण तिथे जायचो. आडवी टाकलेली पठाण, तिच्यावर उभे केलेले वाक, खाली रंध्याच्या ढलप्यांचा ढीग आणि सगळीकडे मुशीच्या तेलाचा वास. त्याचे वडील फळ्यांमधल्या फटींत कापसाची वात ठोकत बसलेले असायचे. पुढे फायबरच्या होड्या आल्या, नवीन लाकडी होडी सांगायला कुणी येईना, आणि ती माडी बंद झाली. मित्र फर्निचरच्या कामाला लागला. तीस वर्षांत त्याने होडीला हात लावला नव्हता. फोनवर म्हणाला, “येतंय.” आणि आला.

होडी बघून त्याचं पहिलं वाक्य: “ह्यां काय लाकूड रे? ह्ये पापड एकार एक चिकटवलेले!”

आणि दुसरं: “दोन दिस पाण्यात बुडवून ठेव. फुगात नि आपसूक मिटात.”

इथे मला थोडं थांबायचंय, कारण या एका वाक्यावर आमचा आठवडाभर वाद झाला आणि त्या वादातच सगळा विषय आहे. त्याचं म्हणणं त्याच्या होडीपुरतं शंभर टक्के बरोबर होतं. फळ्यांची होडी उन्हाळ्यात वर काढून ठेवली की सुकते, फळ्या आकसतात, फटी दिसायला लागतात. पाण्यात उतरवली की पहिले एक-दोन दिवस गळते, मग लाकूड फुगतं, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात, मधला कापूस आवळला जातो आणि गळती थांबते. ती होडी ओली राहूनच नीट राहते.

प्लायवूडचं याच्या अगदी उलट. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पत्रे, एकाचा तंतू उभा तर दुसऱ्याचा आडवा, असे एकमेकांवर चिकटवलेले. उभा थर आडव्याला फुगू देत नाही आणि आडवा उभ्याला. त्यामुळे तक्ता रुंदीला जवळजवळ फुगतच नाही, आणि फट मिटायचा प्रश्नच येत नाही. पाणी मात्र शिरतं. ते तक्त्याच्या तोंडावरून फारसं शिरत नाही, कडेतून शिरतं. कड म्हणजे कापलेल्या तंतूंची तोंडं, बारीक नळ्याच त्या. एका स्क्रूच्या भोकातून आत गेलेलं पाणी हातभर लांब जाऊन बसतं. वर रंग असतो, म्हणून बाहेर यायला वाट नसते, आणि दमट लाकडाला हवा मिळाली की बुरशी धरते. प्लायची होडी टिकते ती कोरडी राहून. हे त्याला पटलं, पण माझ्या सांगण्याने नाही. आम्ही तळातला एक स्क्रू काढला. त्याच्याभोवती नाण्याएवढा काळा डाग होता. मित्राने दाभण टोचलं, ते चिवड्याच्या पुडीत जावं तसं आत गेलं. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, “म्हणजे ह्येका तहान भारी.”

पहिलं काम सुकवण्याचं. डिसेंबरमध्ये होडी सोसायटीच्या पार्किंगच्या छपराखाली उलटी ठेवली, खालून वारा खेळेल अशी. समितीच्या दोन बैठका त्यावर झाल्या, ते सोडून देतो. भंगारवाल्याचा काटा आणून वजन केलं तर १२१ किलो भरलं. या जातीच्या होडीचं नुसतं अंग नव्वद-पंच्याण्णव किलोच्या आसपास असायला हवं. जादाचं वजन थोडं रंगाचं, थोडं जुन्या डागडुजीचं, आणि बाकी पाणी. दर रविवारी काटा लावायचा. मार्चअखेर १०४ वर येऊन थांबलं. दोन टाचण्यांचं ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, ते बारा टक्क्यांच्या खाली दाखवायला लागलं तेव्हाच पुढचं काम काढलं. लोकांना घाई असते. ओल्या लाकडावर लावलेला महागातला महाग लेप पाणी बाहेर ठेवत नाही, आतलं पाणी आत कोंडतो.

सुकत असताना तपासणी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंच-इंचावर ठोकायचं. चांगलं प्लाय टणटण वाजतं, थर सुटलेलं असेल तर भदभद. मित्राचे कान इतके तयार की तो पाठमोरा चहा पीत “थांब, परत थय मार” म्हणायचा. खराब जागा निघाल्या त्या अपेक्षित ठिकाणीच. तळातून खाली सोडायचं जे पातं असतं त्याच्या पेटीचा पायथा, मागच्या फळीचे खालचे दोन कोपरे, डोलकाठीच्या बुडाखालचा भाग. म्हणजे जिथे जिथे प्लायची कड पाण्याजवळ येते आणि माणसाचा हात पोचत नाही, तिथे.

जुने सांधे उकलताना एक गंमत दिसली. मूळ बांधणीतल्या सांध्यांत गोंदाची रेघ गडद तांबूस-तपकिरी होती. तो रिसॉर्सिनॉलचा गोंद. पटाशी घालून उचकटायला गेलो तर लाकूड फाटलं, गोंद सुटला नाही. मध्ये कधीतरी कुणीतरी दुरुस्ती केली होती, तिथली रेघ फिकट, पांढुरकी. ती राजगिऱ्याच्या चिक्कीसारखी तुटली. युरिया फॉर्मल्डिहाइडचा पावडरीचा गोंद असावा. घरातल्या कपाटाला तो उत्तम, पण ऊन आणि दमट हवा वर्षानुवर्षं लागली की खचतो. आपल्याला हस्तव्यवसायाच्या तासाला सरांनी सरस करून दाखवला होता, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. सर, तो वास मी अजून विसरलेलो नाही. त्या सरसाने केलेला माझा पाट घरी अजून आहे, पण तो कुणी पाण्यात टाकला नाही म्हणून आहे. कुठला गोंद चांगला हे नुसतं विचारण्यात अर्थ नाही. कुठे लावणार ते आधी सांगावं लागतं.

आता प्लाय विकत घेणं. दुकानदाराने विचारलं, “किचन की बाथरूम?” होडी म्हटल्यावर त्याने आतल्या माणसाला बाहेर बोलावलं, मला बघायला. आपल्याकडे मरीन प्लायचं मानक आयएस ७१०. तुमच्या ट्रॉलीवर छाप असेल तर बघा. नुसतं ३०३ लिहिलेलं असेल तर ते सर्वसाधारण वापराचं. ७१० मधला गोंद फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा आणि त्याची परीक्षा अशी की नमुना ७२ तास उकळायचा आणि तरी थर सुटता कामा नयेत. मी सहा मिलिमीटरच्या तक्त्याचा एक तुकडा आणून घरी जुन्या पातेल्यात तीन-चार दिवस जमेल तसा उकळला. बायकोने विचारलं, “शिजलं का?” नाही शिजलं, म्हणून तेच घेतलं. पण एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ‘मरीन’ हा शब्द मुख्यतः गोंदाबद्दल आहे. थर सुटणार नाहीत ही त्याची मुख्य हमी. लाकूड ते लाकूडच, कायम ओलं राहिलं तर आज ना उद्या कुजणार. दुसरं, तक्ता कापून कड बघायची. मधल्या थरात फट असेल तर तो बोगदाच, पाण्याला आयता. आम्ही तीन तक्ते परत केले. दुकानदार नाराज झाला, पण चौथ्या तक्त्याच्या वेळी त्याने स्वतःच कड न्याहाळायला सुरुवात केली.

नवा तुकडा जुन्याला जोडायचा कसा? कडेला कड लावून चिकटवलं तर सहा मिलिमीटरच्या कडेला धरायला जागा किती असणार! म्हणून दोन्ही कडा लांब तिरक्या तासायच्या, जाडीच्या आठपट. सहाला अठ्ठेचाळीस मिलिमीटर. दोन तिरके उतार एकमेकांवर बसवायचे. इथे कलमं बांधणारे लोक बसलेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. हापूसचं कलम बांधताना काडीला लांब तिरका छेद का देतात? भेटीची जागा वाढावी म्हणून. तेच इथे.

तासायची युक्ती मात्र बघण्यासारखी. दोन तक्ते एकावर एक, पायरीसारखे मागे सरकवून ठेवायचे आणि दोन्हींवरून एकदमच रंधा मारायचा. पायऱ्यांचा उतार होत जातो. उतार बरोबर होतोय की नाही हे प्लायच सांगतं. थरांमधल्या गोंदाच्या रेघा पट्ट्यांसारख्या दिसायला लागतात, साडीच्या काठासारख्या. पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे असतील तर उतार सपाट. एखादा पट्टा वाकला की तिथे जास्त खाल्लं गेलंय. मित्राने पहिल्याच सांध्यात अशा रेघा काढल्या की आखणीच्या वहीत शोभाव्यात. मग रंधा खाली ठेवून म्हणाला, “पापड बोलतत रे.” त्या दिवसापासून प्लायला नावं ठेवणं बंद झालं.

चिकटवायला आम्ही इपॉक्सी वापरलं. अरल्डाइटच्या दोन ट्यूबा सगळ्यांनी वापरल्यात, त्याचाच मोठा भाऊ. एक रेझिन, एक हार्डनर. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय ते वजनाने काटेकोर मोजायचं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर चमचाभर जास्त टाकायची सवय आपल्याकडे फार. हार्डनर म्हणजे चहातली साखर नव्हे. दोघांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, जास्तीचे उरलेले तसेच चिकट बसतात आणि सांधा कायमचा मऊ राहतो. आणि हे मिश्रण स्वतःच तापतं. खोल डब्यात ठेवलं तर उष्णता कोंडते, अजून लवकर तापतं, धूर येतो. पसरट ताटलीत ओतलं तर वेळ मिळतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी दहा-बारा मिनिटांत हातात दगड यायचा, म्हणून चिकटवण्याचं काम पहाटे पाचला. आमच्या वॉचमनची समजूत अशी की आम्ही दोघं काहीतरी पूजा घालतो.

लावायची रीत दोन टप्प्यांची. आधी पातळ इपॉक्सी दोन्ही उतारांवर नुसतं लावायचं आणि मुरू द्यायचं. उताराची कड तहानलेली असते, पहिला हात तीच पिऊन टाकते. ती तहान भागवली नाही तर सांध्यातला सगळा गोंद लाकडात जातो आणि मध्ये उरत नाही काही. मग त्याच इपॉक्सीत लाकडाचं पीठ आणि सिलिकाची भुकटी मिसळून श्रीखंडाइतपत घट्ट करायचं, ते मध्ये भरायचं आणि दाबायचं. किती दाबायचं यावर पुन्हा वाद. सुताराचा हात शिकंजा करकचून आवळणारा, आणि जुन्या गोंदांना ते लागतंही. इपॉक्सीला नाही. त्याला दोन लाकडांच्या मध्ये पातळसा थर उरायला हवा. कडेतून बारीक ओळ बाहेर आली की थांबायचं. शिकंजा आणि लाकूड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये काय घालायचं? परदेशी पुस्तकांत काय काय महागडी कापडं सांगितली आहेत. आम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून वापरल्या. पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही. सोसायटीत घरोघरी पिशव्या जमवून ठेवायला सुरुवात झाली, आणि पार्किंगचा प्रश्न त्यानंतर कुणी काढला नाही.

सांध्यांनंतर बंद करणं. प्रत्येक कड, प्रत्येक भोक. स्क्रूची भोकं मोठी करून घट्ट इपॉक्सीने भरायची आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध नवीन लहान भोक पाडायचं. म्हणजे स्क्रू इपॉक्सीत बसतो आणि लाकडाला पाणी दिसत नाही. होडीत एकशे ऐंशीच्या वर भोकं होती. कंटाळवाणं काम, पण आठवा तो काळा डाग. तक्त्यांवर तीन हात, कडांवर पाच. एक हात बोटाला चिकटसर लागतो तोवरच दुसरा द्यायचा. पूर्ण वाळू दिला तर वर मेणचट साय येते, पावसाळी हवेत तर नक्कीच, आणि तिच्यावर पुढचा थर धरत नाही. ती साय साध्या पाण्याने आणि काथ्याने घासून काढायची, मगच पॉलिश पेपर. आणि लेप द्यायचा संध्याकाळी. सकाळी दिला तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि लेपात बुडबुडे येतात. संध्याकाळी लाकूड गार होत असतं, हवा आकसते आणि लेप आत ओढून घेतं. म्हणजे चिकटवायचं पहाटे, लेपायचं तिन्हीसांजेला, आणि दिवसभर झोप. निवृत्त माणसाला वेळापत्रक सोयीचं आहे.

या सगळ्यावर शेवटी रंग पाहिजेच. इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हात पिवळं पडतं, मग पिठासारखं सुटायला लागतं. रंग म्हणजे त्याची छत्री.

आता जे सांगणार आहे ते मित्राची परवानगी घेऊन. खरं तर त्यानेच सांग म्हणून सांगितलं.

हातमोज्यांचा खोका पहिल्या दिवसापासून समोर होता. मी घालत होतो. तो घालत नव्हता. तळाच्या आतल्या कोपऱ्यांत घट्ट इपॉक्सीची गोलाई द्यायची असते, ती तो उघड्या बोटाने फिरवायचा. “बोटाक कळता ता मोज्याक कळणा नाय.” आणि खरंच, ती गोलाई अशी व्हायची की हात फिरवत राहावंसं वाटे. नंतर हात थिनरने पुसायचा. पाच-सहा आठवडे काही झालं नाही. मग एके सकाळी मनगटांवर पुरळ, दोन दिवसांत पापण्या सुजून डोळे मिटले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही ॲलर्जी आहे आणि ती एकदा शरीराने धरली की सहसा सोडत नाही. थिनरने पुसण्याने उलट रसायन कातडीत आणखी आत जातं. यापुढे न वाळलेलं इपॉक्सी, त्याची धूळ, यांच्या जवळपासही जायचं नाही.

यात वाईट काय तर, त्याच महिन्यात त्याने गावाकडची ती माडी पुन्हा उघडायचं ठरवलं होतं. जुन्या लाकडी होड्या कुणी कुणी आता पर्यटकांसाठी सांभाळतात, त्या या नव्या पद्धतीने दुरुस्त करून द्यायच्या, असा त्याचा विचार होता. दोन कामं सांगूनही आली होती. साठी उलटल्यावर माणसाला आपलं काम परत सापडतं आणि दीड महिन्यात हातातून जातं. तो चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी स्टूल घेऊन पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसला आणि तिथून ओरडून मला कोपरे कसे काढायचे ते सांगायला लागला. शेवटचे तीन कोपरे माझ्या बोटांचे, हातमोज्यातले. ते त्याच्यासारखे नाहीत. पण आत नातीला कुठे कळणार? कमांडरसाहेबांनी टॉर्च लावून बघितलं आणि बरोबर तेच तीन ओळखले.

माडी उघडली आहे. इपॉक्सीचं काम त्याचा पुतण्या करतो, तोंडावर मास्क आणि कोपरापर्यंत मोजे घालून. रंधा, कलम आणि कापूस ठोकायचं काम हा स्वतः करतो. पुतण्याने एकदा मोजे काढले म्हणून त्याने त्याला आठवडाभर घरी बसवलं, असं वहिनी सांगत होत्या.

पाण्यात उतरवण्याआधी हवेच्या बंद कप्प्यांची परीक्षा. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून हे कप्पे असतात, तेव्हा इथे ‘बहुतेक ठीक आहे’ चालत नाही. झाकणाला नळी लावून हलकी हवा भरली, सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एके ठिकाणी, जुन्या सांध्यात, मोहरीएवढे बुडबुडे आले. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. तो सांधा उघडून पुन्हा केला, त्यात अकरा दिवस गेले आणि आम्ही ठरवलेला मुहूर्त टळला. हे कप्पे होडी उभी असताना उघडे ठेवायचे, हेही तितकंच महत्त्वाचं. बंद ठेवले तर आतला दमटपणा आतच राहतो.

गेल्या नोव्हेंबरात उतरवली. काट्यावर १०१ किलो. आधी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, मी आणि मुलीने ती मुद्दाम उलटवली. आडवी पडली, तरंगत राहिली, सरळ केली, पाणी उपसलं. पात्याच्या बोल्टपाशी थेंब थेंब येत होता, तिथे रबरी वॉशर बदलला. एवढंच. मग नात बसली, आणि सुकाणूवर कमांडरसाहेब. त्यांना दोघांनी धरून बसवावं लागलं. निळं शीड वर गेलं तसा त्यांचा आवाज बदलला, नातीला इंग्रजीत हुकूम सुटायला लागले. वारा फार नव्हता. अर्धा तास गेले असतील, परत आले तेव्हा तिचे फक्त पाय भिजले होते. काठावर मित्र पँट वर दुमडून उभा होता. होडी टेकताच त्याने तिचा तळ आतून हाताने चाचपला आणि हात चड्डीला पुसून म्हणाला, “सुकी आसा.”

होडी आता तिथेच छपराखाली असते. सुकाणूच्या पात्याचं वार्निश उन्हाने सुटायला लागलंय, ते मे महिन्यात खरवडून काढायचं आहे. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठा. हातमोजे आणि मास्क माझ्याकडे आहेत, दुधाच्या पिशव्या येताना घेऊन या. घड्याळ दाखवू नका रे, झालं माझं.